उल्लेख माझाच समजावा

१

लोकांना स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही, हे मी गेली तेवीस वर्षं बघते आहे. कल्याणच्या तहसील कचेरीसमोरच्या गल्लीत विनीत वकिलांचं नोटरीचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या, एक कॉम्प्युटर आणि मी. सकाळी दहाला शटर वर, संध्याकाळी सहाला खाली. मधल्या वेळात शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि सातबाऱ्यावर तिसरंच, अशी माणसं तोंड पाडून येत राहतात. त्यांना लागतं ते ‘एकच व्यक्ती’ प्रतिज्ञापत्र. वरील सर्व नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे, असं शपथेवर लिहून द्यायचं. मजकूर माझ्या बोटांत बसलेला. आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडायची, नावं बदलायची, तारीख बदलायची आणि प्रिंट द्यायची.

येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका. लग्नात नाव बदलतं आणि मग जन्मभर दोन्ही नावं आपलीच आहेत, असं दारोदार सांगत फिरायचं. पुरुषांना हा ताप नाही. मी त्या बायकांवर वैतागायचे, ‘अगं, वेळच्या वेळी करून घेता येत नाही का?’ म्हणून झापायचेही. आणि माझी स्वतःची कागदपत्रं? दिव्याखाली अंधार.

माझी पाळी आली ती दिशामुळे. दिशा माझी एकुलती एक मुलगी, मस्कतला असते. जावई देवेश तिथे नोकरीला. तिला आठवा सरत आला आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण इथे माहेरानेच उठून तिच्याकडे जायचं होतं. तिला सासू नाही. माझे मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली. मी गेले नाही तर पोरीजवळ कुणी नाही, एवढं साधं गणित. पासपोर्ट मी उभ्या जन्मात काढला नव्हता.

दाखल्यावर मी कल्पिता शिवराम मढवी. आधारवर कल्पिता प्रशांत केणे. रेशन कार्डावर ‘कल्पीता’, दुसरी वेलांटी कुणा दिवट्याने दिली देव जाणे. तिन्ही नावं टाइप केली. मग मनात आलं, उद्या आणखी कुठे आणखी काही निघालं तर पुन्हा हेलपाटा. म्हणून शहाणपणा करून शेवटी एक ओळ माझ्या पदरची घातली. ‘अन्य कोणत्याही नोंदीत कल्पिता प्रशांत केणे या नावाचा उल्लेख आढळल्यास तो माझाच समजावा.’ विनीतसाहेबांनी न वाचता सही केली, शिक्का मारला. ते माझं टाइपिंग कधीच वाचत नाहीत. मला त्याचा अभिमान होता.

२

पासपोर्टचं काम ठाण्याला होतं. सगळं अर्ध्या तासात आटोपलं. बाहेर पडले आणि म्हटलं, आलोच आहोत तर टेंभी नाक्यावर जाऊन बाळासाठी मऊ मलमल घेऊ. दिशासाठी मी जुन्या साड्यांच्या चार गोधड्या शिवल्या होत्या, त्यांना आतून अस्तर लावायचं होतं.

कापडाच्या दुकानाशेजारी सौंदर्यप्रसाधनांचं एक दुकान आहे. तिथला माणूस काउंटरवरून ओरडला, ‘कल्पिता मॅडम! अहो, किती फोन करायचे?’

मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

‘तुमची ऑर्डर,’ त्याने एक भरलेली पिशवी पुढे सरकवली. ‘काल वाघबीळवाल्या नवरीची आई इथे येऊन रडून गेली. मुहूर्त बारा दहाचा आणि मेकअपवाली बाई गायब. असं नाय करायचं मॅडम.’

‘तुमची काहीतरी गल्लत होतेय,’ मी म्हटलं. ‘मी टायपिस्ट आहे. कल्याणला.’

‘कल्पिता केणे ना तुम्ही?’

‘हो.’

‘कल्पिता प्रशांत केणे?’

‘हो, पण—’

‘मग?’ तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मी पिशवी उघडून बघितली. पिशवीत मोत्यांच्या मुंडावळ्या होत्या, पिना होत्या, रंगाच्या डब्या होत्या. मी ती ठेवून निघणार तर त्याने हातात कोंबली. चार लोकांत तमाशा नको म्हणून घेतली. घरी, डोंबिवलीला, पोचेपर्यंत मी स्वतःला समजावून ठेवलं होतं. केणे आमच्याकडे ढिगाने आहेत. प्रशांत तर पैशाला पासरी. कल्पिता हे नाव एवढं नसतं, पण असेल एखादी. पेपरात ह्याला नामसाधर्म्य म्हणतात आणि खाली बारीक अक्षरात खुलासा छापतात.

त्या माणसाने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं होतं, एवढंच मला खटकत राहिलं.

३

दोन दिवसांनी घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समधून फोन आला. कुणी निशिगंधा म्हणून सेक्रेटरी होत्या. ‘मिस, चार तारखेपासून तुम्ही आला नाहीत. मुलं रोज कॉस्च्यूम घालून थांबतात. निदान कळवायचं तरी.’ मी पोहायला शिकवते, अशी त्यांची ठाम समजूत होती.

चार तारखेला मी प्रतिज्ञापत्र केलं होतं. पण चार तारखेला जगात इतरही बरंच काही झालं असणार.

दुसरं कुणी असतं तर फोन कट केला असता. मला मात्र धास्ती पडली. माझ्या नावात ही दुसरी बाई मिसळली आणि पासपोर्टची फाइल अडकली तर? दिशाला महिनाही राहिला नव्हता. म्हटलं, जाऊन सोक्षमोक्ष लावू, त्या बाईंचा पत्ता घेऊ, भेटू. शनिवारी रजा टाकली आणि बसमध्ये दीड तास घोडबंदर रोडचा ट्रॅफिक खात बसले.

गेटवरच्या वॉचमनने मला बघून सलाम केला. दगडू असं त्याच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं. ‘आज लेट, मिस?’

‘मी तुमची मिस नाही,’ मी म्हटलं. ‘तुमच्याकडे रजिस्टर असेल ना, फोटो असलेलं? ते काढा बरं.’

त्याने मुकाट्याने काढलं. कल्पिता प्रशांत केणे, जलतरण प्रशिक्षक. मोबाइल नंबर माझा. फोटो मात्र माझा नव्हता. चाळिशीची बाई, रुंद खांदे, केस ओले करून मागे घेतलेले, कानात काही नाही. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मला एकदम हायसं वाटलं.

‘बघा! ही मी आहे का?’

दगडूने फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. मन लावून बघितलं, उगाच नाही. ‘हो ना,’ तो म्हणाला. ‘तुमचाच हाय.’

‘अहो, हिचं वय बघा! माझे केस बघा, निम्मे पांढरे!’

‘मिस, मुलं थांबलीत,’ तो अजिजीने म्हणाला.

तलाव इमारतीच्या तळाशी होता. खाली उतरताना माझ्या पावलांचा आवाज फरशीवरून पुढे जाऊन भिंतीला आपटून परत येत होता. बारा-पंधरा मुलं कठड्याला धरून ओळीने पाण्यात उभी होती. मला बघून सगळी एकसुरात म्हणाली, ‘गुड मॉर्निंग, मिस.’ एकही मूल गोंधळलं नाही. मुलांना फसवणं कठीण असतं म्हणतात.

आमच्या घरात कुणाला पोहता येत नाही. आजोबा मिठागरात राबले, वडीलही काही वर्षं. पाण्याशी आमचा संबंध गुडघ्यापर्यंतचा. तरी एक बारकी मुलगी हात सोडायला घाबरत होती, तिला मी काठावरून म्हणाले, ‘हनुवटी वर नको. पाण्याकडे बघ. नाकाने हळूहळू सोड, मग मान वळव.’ ती सुटली आणि पोहत गेली. ती पलीकडे पोचेपर्यंत मी आनंदाने बघत होते. मग माझ्या लक्षात आलं की हे मी कुठे शिकलेले नाही.

बायकांच्या खोलीत ‘कल्पिता मिस’ असं लिहिलेलं कपाट होतं. उघडंच होतं. आत स्लिपर, शिट्टी आणि खुंटीला टॉवेल. आठ दिवस न आलेल्या बाईचा टॉवेल. मी हात लावला, तर तो ओला होता. नुकतंच अंग पुसून टांगावा तसा गार ओला, आणि त्याच्या टोकाशी पाण्याचा थेंब धरत होता.

मी पत्ता न विचारताच निघाले. दगडूने मागून विचारलं, ‘उद्या वेळेवर ना, मिस?’

४

सोमवारी सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आधीच मी विनीतसाहेबांना गाठलं. ‘साहेब, माझं प्रतिज्ञापत्र रद्द करायचंय.’

ते चहा पीत होते. साठीचा सज्जन माणूस, कधी आवाज चढवत नाही. त्यांनी पहिल्यांदाच माझं टाइपिंग वाचलं. शेवटच्या ओळीशी थांबून हसले. ‘कल्पिताताई, हे काय? कुणाचंही कर्म तुम्ही अंगावर घेतलंत की.’

‘चूक झाली. आता रद्द कसं होतं ते सांगा.’

‘नवीन करावं लागेल. मी म्हणजे त्या नव्हे, असं. पण त्यात त्या कोण ते लिहावं लागणार, आणि त्यांचीही सही लागणार.’ ते पेन टेबलावर वाजवत विचार करत होते. ‘आणि त्यांचं नाव कल्पिता प्रशांत केणे. म्हणजे सही तुम्हीच करणार. फिरून फिरून भोपळे चौकात.’

मला हसू आलं नाही. त्यांनी समजूत काढायला नोंदवही उघडली, चार तारखेचं पान काढलं. ‘आणि एक रद्द करून काय होणार? पाच प्रती केल्यात ना तुम्ही?’

‘एक केली.’

‘पाच. हे बघा.’

चार तारखेला ओळीने पाच नोंदी होत्या. पाचही कल्पिता प्रशांत केणे. पहिली सही माझी. दुसरी इंग्रजीत, लफ्फेदार, खाली दोन टिंबं. तिसरी शाळकरी, एकेक अक्षर कोरलेलं. चौथीच्या जागी पाणी पडून शाई फुटली होती आणि कागदाला फुगवटा आला होता. पाचवीवर राखाडी धुळीने भरलेला अंगठा.

‘ह्या माझ्या सह्या आहेत का, साहेब?’

‘तुम्हीच तर येत होतात दिवसभर. मला वाटलं, प्रत्येक ऑफिसला वेगळी प्रत द्यायची असेल.’

‘मीच? तोंड बघितलंत?’

ते थोडे गोंधळले. ‘ताई, तेवीस वर्षं तुम्हाला बघतोय मी.’

खणात बाकीच्या चारी प्रतींच्या झेरॉक्स होत्या. टाइपिंग माझं. डावीकडे मी सोडते तेवढाच समास, पूर्णविरामानंतर मी देते तशी दोन बोटं जागा. आणि प्रत्येकीच्या शेवटी तीच ओळ. अन्य कोणत्याही नोंदीत ह्या नावाचा उल्लेख आढळल्यास तो माझाच समजावा.

इतके दिवस मी एकाच अंगाने विचार करत होते, की त्यांची लफडी माझ्या गळ्यात पडतायत. पण लिहून त्यांनीही दिलं होतं. मग माझंही त्यांचं झालं होतं. माझं घर, माझा पासपोर्ट, आणि ज्या कागदावर आईचं नाव कल्पिता प्रशांत केणे असं लिहिलंय ती माझी दिशा.

मी पर्स उचलली. विनीतसाहेब मागून म्हणाले, ‘अहो, आता कुठे? दहा वाजले, गिऱ्हाईक आलंय.’

५

डोंबिवलीला जिन्यातच शेजारची मंदाकिनी भेटली. कोथिंबीर निवडत दारात बसली होती. ‘अगो, एवढ्यात परत आलीस?’

‘परत म्हणजे?’

‘आता बॅग घेऊन गेलीस ना खाली. मी म्हटलं, हात देऊ का गो? तर नुसती हसलीस.’ तिने माझ्या डोक्याकडे बघितलं. ‘केस वाळले तुझे लवकर.’

‘मंदा, पोस्टमन आलेला का?’

‘तो तर शुक्रवारीच देऊन गेला ना पाकीट. तूच सही केलीस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. ऑफिसला नाय गेलीस का, असं विचारलं मी.’

शुक्रवारी दहा ते सहा मी कल्याणला होते.

कुलूप जसंच्या तसं होतं. आत गेले. फ्रिजचा आवाज, घड्याळाचा आवाज, रोजचेच. न्हाणीघरापासून कपाटापर्यंत फरशीवर ओली पावलं होती. अनवाणी, बोटं पसरलेली, माझ्याहून मोठी. कपाट बंद होतं. उघडलं तर बॅग नव्हती, गोधड्या नव्हत्या, अळिवाच्या लाडवांचा डबा नव्हता. बाकी एकूण एक वस्तू जागेवर. तिने फक्त दिशाचं तेवढं नेलं होतं. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. भीतीने नाही, रागाने. चार महिने डोळे फोडून टाके घातले होते मी त्या गोधड्यांना.

फोन वाजला. दिशा होती.

‘आई, निघालीस ना? चारचं विमान आहे, ट्रॅफिकचा भरवसा नाही. देवेशने व्हिसा एका दिवसात काढला बघ, तू पासपोर्टचा फोटो लगेच पाठवलास म्हणून.’

मी कुठलाच फोटो पाठवला नव्हता. ‘दिशा, नीट ऐक. तो फोटो आत्ता उघड. त्यातली बाई मी आहे का?’

ती हसली. ‘आई, पासपोर्टच्या फोटोत सगळेच तसे दिसतात गं.’

‘दिशा, ती दुसरीच कुणीतरी बाई आहे!’

‘आई, तू घाबरलीयस. पहिल्यांदा विमानात बसतेयस म्हणून होतंय. मी आहे ना. तू फक्त ये,’ ती म्हणाली. ‘मला पण भीती वाटतेय. लवकर ये.’

मी टॅक्सी बोलावली. पुढचं काही डोक्यात नव्हतं. विमानतळाच्या दारात त्या बाईला गाठायचं आणि झिंज्या धरून विचारायचं, एवढंच ठरलं होतं.

६

शीळफाट्याच्या अलीकडे गाड्या ठप्प झाल्या. पावणेबारा, बारा, सव्वाबारा. पुढे नजर जाईल तिथपर्यंत ट्रक, सगळे एका बाजूला तोंड करून उभे. ड्रायव्हर स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. ‘काटे की लाइन है, मॅडम. रोड तक आ गयी है.’

दगड-खडीचे ट्रक तोलायचा वजनकाटा आहे तिथे. खाकी शर्ट घातलेला एक म्हातारा ट्रकांच्या मधून वाट काढत येत होता. त्याने आमच्या टॅक्सीत डोकावून बघितलं आणि काचेवर थाप मारली.

‘मॅडम! देवासारख्या आल्या! आठ दिवस झालं काटा बंद हाय. ह्या सगल्या गाऱ्या तुमच्यासाठी उभ्या हान.’

‘बाबा, मी नाही ती.’

‘आता रुसू नका. ह्या कालुरामचं काय चुकलं असंल तर पोटात घाला.’ त्याने हात जोडले. ‘दहा गाऱ्या काढा नि जा. रस्ता सुटंल.’

‘जाके आओ ना, मॅडम,’ ड्रायव्हर म्हणाला. ‘लाइन छुटेगी तभी अपना निकलेगा.’

माझ्या बुद्धीने त्या क्षणी हिशोब केला, तो आजही मला चुकीचा वाटत नाही. टॅक्सी पुढे जायची तर ट्रक हलायला हवेत. ट्रक हलायचे तर कुणीतरी काट्यावर बसायला हवं. दहा गाड्या म्हणजे वीस मिनिटं. चारच्या विमानाला अजून वेळ होता. मी उतरले.

केबिन म्हणजे पत्र्याची खोली, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी. समोर मोठी काच, काचेपलीकडे काटा. एक खुर्ची, तिच्या गादीला बसून बसून खड्डा पडलेला. मी बसले तर तो खड्डा मला बरोबर झाला. सगळ्यावर राखाडी धूळ होती. भिंतीवर पाळ्यांचा तक्ता चिकटवलेला. सकाळ, कल्पिता केणे. दुपार, कल्पिता केणे. रात्र, कल्पिता केणे.

पहिला ट्रक काट्यावर चढला तेव्हा खोली पायाखालून हलली. मी माइकचं बटण दाबलं. ‘इंजिन बंद करा. ड्रायव्हर खाली उतरा.’ आकडे थरथरत थांबले. पावती निघाली. ‘पुढे घ्या.’ काय दाबायचं, कधी थांबायचं, मला कुणाला विचारावं लागलं नाही. दहा झाले. अकरावा आला. बाराव्यानंतर रस्ता खरंच सुटला आणि लहान गाड्या काचेसमोरून सरकायला लागल्या. मी उठून दार ढकललं. दाराबाहेर पुढचा ट्रकवाला पावतीसाठी चिकटून उभा, त्याच्यामागे आणखी दोघे. दार वीतभर उघडलं.

तेवढ्या फटीतून मला माझी टॅक्सी दिसली. तोच नंबर, तोच ड्रायव्हर, तो समोर बघून चालवत होता. मागच्या सीटवर एक बाई होती. रुंद खांदे, केस ओले, काचेला टेकलेल्या केसांचं पाणी काचेवरून खाली उतरत होतं. मांडीवर माझ्या चार गोधड्या. तिने माझ्याकडे बघितलं. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखं नाही. अगदी दमलेल्या, सुटका झालेल्या माणसासारखं बघितलं, आणि मग टॅक्सी पुलाखाली गेली.

७

मी प्रयत्न केला नाही असं कुणी म्हणू नये. रिक्षात बसून ‘डोंबिवली’ म्हटलं की रिक्षावाला म्हणतो, ‘मॅडम, काट्यावर ना?’ आणि वळवून इथे आणून सोडतो. चालत निघाले की कुणीतरी ओळखीचा ट्रकवाला हटकतो आणि मायेने परत घेऊन येतो. माझा मोबाइल बंद पडला. काळुरामच्या फोनवरून मंदाकिनीला लावला. ती म्हणाली, ‘कल्पिता तर मस्कतला गेली मुलीकडं. आपण कोण गो?’ ऑफिसला लावला. विनीतसाहेब म्हणाले, ‘ताई जागेवरच आहेत, टाइप करतायत. देऊ का?’ मागे कीबोर्ड वाजत होता. लांब नखांनी टाइप करताना होतो तसा आवाज, टकटक.

पाळी बदलायची वेळ झाली की मी दाराकडे बघते. बदली यायला हवी. तक्त्यावर नाव आहे. काळुराम डबा आणून देतो आणि म्हणतो, ‘तुम्हीच हाव ना मॅडम, मग कोन येनार?’

दिशाचा नंबर मला पाठ होता, पण लावायचं धाडस होत नव्हतं. दिवस मोजत राहिले. तारीख उलटून चार दिवस झाले तेव्हा दुपारी जेवायच्या वेळी काळुरामचा फोन मागून घेतला.

‘हॅलो, कोण?’ दिशाचा आवाज ओढलेला होता, पण सुखाचा.

‘दिशा, मी. आई.’

पलीकडे पाणी ओतल्याचा आवाज येत होता आणि बाळ रडत होतं. बारीक, तारस्वरात, नव्या बाळाचं रडणं.

‘तुम्हाला कोण हवंय?’ दिशा म्हणाली.

सत्तावीस वर्षांत तिने मला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. भांडणातसुद्धा नाही.

‘दिशा, कोण आहे?’ मागून एका बाईचा आवाज आला.

‘काही नाही आई, कुणाचातरी चुकून लागलाय.’

‘दे इकडे. तू बाळाला पूस. डोक्यावरून नको, आधी पाठ.’

फोन हातातून हातात गेला. ओला हात असावा, कारण तो घासला गेल्याचा आवाज झाला. मग माझ्या कानाशी तिचा श्वास आला. तिच्यासाठी मी इतके दिवस शिव्या साठवून ठेवल्या होत्या. ओरडले असते तर दिशाला ऐकू गेलं असतं. बाळंतीण पोर, अंग ओलं, घाबरली असती, दूध आटलं असतं. तिच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. ह्या बाईशिवाय कुणी नव्हतं.

मी विचारलं, ‘वजन किती भरलं?’

‘मुलगी,’ ती हळू म्हणाली. ‘दोन किलो नऊशे.’

आणि फोन बंद झाला.

बाहेर हॉर्न वाजत होते. काट्यावर खडीचा ट्रक येऊन उभा होता, ड्रायव्हर खाली उतरून काचेशी थांबलेला. मी बटण दाबलं, पावती काढली, फटीतून त्याच्या हातात दिली. त्याने ती वाचली, उलटी केली, पुन्हा वाचली.

‘ओ मॅडम, बत्तीस टन की गाडी है! ये क्या लिखा है, दो किलो नौ सौ?’

‘बरोबर आहे,’ मी म्हटलं. ‘पुढे घ्या.’